जुनं कोल्ट ओळखताना आणि त्याची किंमत ठरवताना या चुका टाळा

आधी रिव्हॉल्व्हर रिकामं आहे का ते बघा. घोडा दुसऱ्या खटक्यापर्यंत ओढा, उजवीकडचं झाकण उघडा, सिलिंडर फिरवून सहाही घरं डोळ्यांनी तपासा. पुढचं सगळं कोल्ट या अमेरिकी कंपनीच्या सिंगल ॲक्शन आर्मी या रिव्हॉल्व्हरबद्दल आहे (प्रत्येक गोळीआधी घोडा हाताने ओढावा लागतो तो प्रकार), कारण सर्वांत जास्त गोंधळ तिथेच होतो.

पेटंटची तारीख म्हणजे बनावटीचं साल नव्हे. फ्रेमच्या डाव्या बाजूला १८७१ वाचून लोक हरखतात. हे मॉडेल बनू लागलं १८७३ मध्ये, आणि त्या तारखा विसाव्या शतकातल्या नगांवरही आहेत. साल अनुक्रमांकावरून काढा. पहिली पिढी, म्हणजे या मॉडेलच्या उत्पादनाचा पहिला टप्पा, ३,५७,८५९ क्रमांकाच्या आसपास संपते. क्रमांकाला 'एसए' जोडलेलं असेल तर नग १९५६ किंवा त्यानंतरचा.

क्रमांक जुळत नाहीत म्हणून भाव पाडू नका. फ्रेम, चापाचं कडं आणि मुठीची मागची पट्टी, तिन्हीकडचा क्रमांक एकच असावा हा नियम बरोबर आहे. पण अमेरिकी लष्कराने १८९५ पासून साडेसात इंची नळीचे घोडदळाचे नग परत घेऊन नळ्या साडेपाच इंचांवर आणल्या. त्या कामात सुटे भाग एकमेकांत मिसळले. त्यामुळे 'आर्टिलरी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या आखूड नळीच्या नगाचे क्रमांक न जुळणंच स्वाभाविक. तिथे सगळे जुळले तर उलट नीट चौकशी करावी. नवशिके मात्र 'दुरुस्ती' म्हणून क्रमांक घासून नवे ठोकून घेतात. असा नग संग्राहकाच्या दृष्टीने संपला. ठोकलेल्या अंकांखालचा धातू खोलगट झालाय का, हे तिरप्या उजेडात बघायची सवय लावा.

पॉलिश करू नका. ही चूक सर्वांत महाग पडते, आणि ती घाईनेच होते. मूळ नगाची फ्रेम सहसा रंगीत ढगांसारख्या छटांची असते, नळी आणि सिलिंडर निळसर. बफिंगने अक्षरांच्या कडा गोल होतात, स्क्रूच्या भोकांभोवती खळगे पडतात, फ्रेमच्या धारा बोथट होतात. नवा निळा रंग कितीही चकाकला तरी हे लपत नाही. मूळ रंग विटलेला नगही अशा चकचकीत नगापेक्षा महाग जातो. मऊ कापडावर पातळ तेलाचे दोन थेंब घ्या, एवढंच पुरे. स्टीलवूल आणि सँडपेपर घरातच ठेवू नका.

मागितलेला भाव धरू नका, लिलावात प्रत्यक्ष मिळालेला धरा.

स्क्रूच्या खाचेत घट्ट बसणारं पातं नसेल तर नग खोलू नका.

महागाचा सौदा असेल तर कोल्टच्या अभिलेखागाराचं पत्र मागवा. मूळ नळी, कॅलिबर, रंगकाम आणि माल कुठे गेला हे त्यात येतं.

सिलिंडर ज्यावर फिरतो त्या मधल्या पिनेचा स्क्रू फ्रेमच्या पुढून तिरपा बसलेला असेल तर फ्रेम काळ्या बारुदीच्या, म्हणजे धूर करणाऱ्या जुन्या बारुदीच्या काळातली. त्यात आजची काडतुसं घालू नका.