लाकडी फोकबोट हिवाळ्यानंतर पाण्यात उतरवताना

नॉर्डिक फोकबोट ही शर्यतीची छोटी शिडाची बोट. पहिली स्वीडनमध्ये १९४२ साली पाण्यात उतरली. लांबी ७.६८ मीटर, रुंदी २.२० मीटर, शिडं २४ चौरस मीटर, वजन किमान १९३० किलो आणि त्यातलं निम्म्याहून अधिक बिडाच्या कीलचं, म्हणजे बोट उलटू न देणाऱ्या तळाच्या वजनदार कण्याचं. माप सगळ्यांचं एकच, म्हणून जुनी लाकडी बोटही शर्यतीत फायबरच्या बोटीला टक्कर देते. मात्र तिचं अंग घट्ट हवं. तिच्या फळ्या कौलांसारख्या एकीवर एक चढवून तांब्याच्या खिळ्यांनी जोडलेल्या असतात. हिवाळाभर किनाऱ्यावर राहिल्या की त्या सुकून आकसतात, त्यामुळे पहिल्या दिवशी बोट गळणारच.

ते पाणी पाहून घाबरून जोडांत सिलिकॉन किंवा पॉलियुरेथेन भरू नका. लाकूड पाण्यात फुगतं तेव्हा त्याला जागा लागते. ती भरलेली असेल तर ताण खिळ्यांवर येतो, त्यांची डोकी फळीत रुततात आणि आतल्या ओकच्या बरगड्या, म्हणजे फळ्यांना आतून धरणाऱ्या वाकवलेल्या आडव्या पट्ट्या, तडकतात. एका दिवसाची गळती थांबवायला वर्षभराचं काम ओढवून घेतलं जातं.

त्याऐवजी उतरवण्याआधी दोन आठवडे बोटीच्या आत तळाशी गोणपाट पसरा आणि ते रोज ओलं ठेवा. उन्हाच्या बाजूला ताडपत्री बांधा. बोटीत पाणी मात्र भरून ठेवू नका. त्याचा भार फळ्यांना बाहेर ढकलतो आणि कीललगतची फळी सुटते. उतरवल्यावर पहिली रात्र बोट क्रेनच्या पट्ट्यांतच असू द्या आणि आत विजेचा पंप चालू ठेवा. गळती दोन-तीन दिवसांत उतरणीला लागते. आठवड्यानंतरही पाणी येत असेल तर दोष दुसरीकडे आहे. आतली बाजू फडक्याने कोरडी करून जोडांवर टाल्कम पावडर भुरभुरा. पाण्याचा ओघळ पावडरीत जिथून सुरू होतो, तीच जागा.

तिथला खिळा बहुधा सैल असतो. हातोडीने हलकेच टिचकी मारा: घट्ट खिळा खणखणतो, सैल असला की आवाज बद्द येतो. घट्ट करायला दोन माणसं लागतात. बाहेरचा माणूस डोक्यावरची पुट्टी खरवडून दोनेक किलोचा लोखंडी ठोकळा डोक्याला दाबून धरतो. आतला माणूस गोल तोंडाच्या हलक्या हातोडीने खिळ्याचं खोलगट तांब्याच्या चकतीतून वर आलेलं टोक कडेकडेने ठोकतो. घाव हलके आणि पुष्कळ हवेत. जोराने मारलं तर खिळा लाकडाच्या आत वाकतो, त्या दिवशी घट्ट वाटतो आणि दोन शर्यतींत पुन्हा सैल होतो. अगदी वाळलेल्या बोटीत खिळे करकचून आवळू नका. लाकूड फुगलं की तेच खिळे त्याला चिरडतात.

पूर्वी वारंवार ठोकलेलं तांबं कडक होऊन तुटायला येतं. असा खिळा बदलाच. चकतीवरचं टोक कानशीने घासून काढा, खिळा बाहेर ठोका आणि एक माप जाड खिळा घाला. छिद्र खिळ्यापेक्षा किंचित कमी ठेवा. चकती पोकळ पंचने फळीपर्यंत बसवा, खिळ्याच्या जाडीपेक्षा थोडं जास्त टोक ठेवून छाटा आणि मग ठोका.

बरगड्या बहुतेक वेळा पोटाच्या वळणावर तडकतात. तडकलेल्या बरगडीवर पट्टी चिकटवण्यात अर्थ नाही. शेजारी नवी वाफवलेली ओकची बरगडी द्या. वाफ जाडीच्या दर २.५ सेंटिमीटरला साधारण एक तास. शेजारशेजारच्या नव्या बरगड्यांची टोकं एकाच फळीवर संपवू नका, नाहीतर ताण तिथेच साठतो.

कीलचे बोल्ट नुसते वरून पाहू नका. नट शाबूत दिसतो आणि लाकूड-बीड भेटतात तिथे बोल्ट झिजून कंबरेसारखा बारीक झालेला असतो. निदान एक बोल्ट पूर्ण बाहेर काढून बघा. तो बारीक निघाला तर उरलेले सगळे काढा. वजनात किंवा आकारात फरक पडेल असं काहीही करण्याआधी मात्र क्लासच्या मापकाला, म्हणजे या प्रकारच्या बोटींची मापं तपासणाऱ्याला, विचारा.