पाऊस उघडल्यावर दोघांनी अंजनेरी कशी करावी

रात्रभर कोसळून सकाळी उघडीप मिळाली, की लगेच बूट चढवायची घाई होते. जरा दम धरा. नाशिकजवळच्या अंजनेरी डोंगराच्या पायऱ्यांवरून पाऊस थांबल्यावरही बराच वेळ पाणी वाहत असतं. रात्री अतिवृष्टी झाली असेल किंवा इशारा असेल, तर बेत सरळ पुढच्या आठवड्यावर ढकला.

निघायचं ठरलं तर सकाळी लवकर निघा. नाशिकहून त्र्यंबकेश्वरच्या रस्त्याला साधारण वीस किलोमीटरवर अंजनेरी फाटा लागतो. एसटी किंवा सिटीलिंकने (नाशिकची शहर बस) गेलात तर फाट्यावर उतरून गावातून चालत वर. झणझणीत मिसळ परतीसाठी ठेवा. तर्री पिऊन चढ चढणं म्हणजे स्वतःशीच वैर.

पाठीवर प्रत्येकी दोन लिटर पाणी, गूळ-शेंगदाणे, पोंचो आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला एक कोरडा टी-शर्ट. खाऊ सॅकच्या आतच ठेवा. इथली माकडं हातातली पिशवी बघूनच ओळखतात.

खरी कसोटी घळीतल्या दगडी पायऱ्यांवर. पायरीचा मधला भाग वर्षानुवर्षांच्या वर्दळीने गुळगुळीत झालेला असतो, पाणीही तिथूनच धावतं. पाय कडेला, खरखरीत दगडावर टाका. काळा-हिरवा, चकाकणारा दगड दिसला की तिथे शेवाळ आहे असंच समजा. दोघांत चार-पाच पायऱ्यांचं अंतर असू द्या, म्हणजे वरच्याचा पाय सटकला तरी खालचा सोबत जात नाही. वाटेतली जैन लेणी बघायच्या निमित्ताने दम खाऊन घ्या.

वर पठार लागलं की अंजनीमातेचं मंदिर आणि पुढे तळं. हा हनुमानाचा जन्मडोंगर अशी श्रद्धा असल्याने भाविकांची ये-जा असते, पण धुकं उतरलं की दहा पावलांवरचा सोबतीही दिसत नाही. अशा वेळी हाक मारत, मळलेल्या वाटेनेच चाला आणि कड्याच्या टोकाशी फोटो काढायचा मोह टाळा. गवतात पाय घालण्यापूर्वी खाली बघा: कंदीलपुष्पाची सेरोपेजिया अंजनेरिका ही जात याच डोंगरावरून जगाला कळली. फुलं तोडू नका, हे वेगळं सांगायला नको.

वरच्या टप्प्यावरचं दुसरं मंदिर साधारण ४,२०० फूट उंचीवर आहे. आभाळ भरून आलं तर ते सोडून द्या. दुपारी दोनच्या आत उतरायला लागा, कारण ओल्या पायऱ्यांवर उतरायला चढण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. गुडघे किंचित वाकवून, पाऊल आडवं टाकत उतरा. भीती वाटली तर सरळ बसून सरका, कपडे धुता येतात.

खाली आल्यावर कोरडा टी-शर्ट लगेच घाला. रविवारी त्र्यंबकहून येणाऱ्या गाड्या भरून येतात, फाट्यावर बराच वेळ उभं राहावं लागू शकतं.