माजी मालकाला जाब विचारण्यापूर्वी ताळेबंद असा वाचावा

इंग्लंडमधील डर्बी काउंटी हा फुटबॉल क्लब सप्टेंबर 2021 मध्ये प्रशासकाच्या (कर्जबाजारी कंपनी सांभाळण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याच्या) ताब्यात गेला, त्याचे एकूण 21 गुण कापले गेले, 2022 मध्ये तो तिसऱ्या श्रेणीत घसरला आणि चाहत्यांचा रोष मालक मेल मॉरिस यांच्यावर उसळला.

असा राग नुसत्या घोषणांत विरू द्यायचा नसेल, तर प्रथम कंपनीज हाउस या ब्रिटनच्या सरकारी कंपनी-नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावरून क्लबचे ताळेबंद विनामूल्य उतरवून घ्यावेत. मैदान कोणाच्या नावावर आहे, हे सर्वांत आधी पाहावे. डर्बीचे प्राइड पार्क हे मैदान मॉरिस यांच्याच दुसऱ्या कंपनीला सुमारे 8 कोटी पौंडांना विकले गेले आणि तोट्यातला क्लब त्या वर्षी कागदोपत्री नफ्यात आला. म्हणून मालमत्ताविक्रीचा नफा वजा करून खरा आकडा काढावा, कारण बहुतेक वेळा खरी गोम तिथेच असते.

नंतर प्रशासकाच्या अहवालातील धनकोंची यादी पाहावी. खेळाडूंचे आणि इतर क्लबांचे पैसे आधी फिटतात, स्थानिक पुरवठादार मात्र ताटकळतात.

यावरून निघणारे मोजके प्रश्न चाहत्यांच्या संघटनेमार्फत लेखी पाठवावेत आणि त्यांची प्रत स्थानिक खासदारांना द्यावी. मालकाच्या घरासमोर जमाव करू नये. त्याने सहानुभूती उलट त्यालाच मिळते.