फौजेतून रिटायर झाल्यावर सैन्य इतिहासाचा प्राध्यापक व्हायचं असेल तर

ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या दवाखान्याच्या रांगेत, कॅन्टीनच्या बाहेर, एकदा तर ठाणे स्टेशनच्या पुलावर, गेल्या दोनतीन वर्षांत मला हा प्रश्न बऱ्याच जणांनी विचारलाय. हवालदारसाहेब, तुम्ही कॉलेजात शिकवता ते कसं जमवलं, आम्हालाही जमेल का? प्रत्येकाला उभ्याउभ्या थोडं थोडं सांगून पुरत नाही म्हणून आज नीट बसून लिहितोय. मी पायदळात सतरा वर्षं काढली, कळव्यात राहतो, इतिहासात एमए, सेट (प्राध्यापकपदासाठीची राज्याची पात्रता परीक्षा), पीएचडी केली आणि आता ठाणे जिल्ह्यातच शिकवतो. जमतं. पण पेन्शन आल्यावर बघू म्हणाल तर उशीर होतो.

पहिलं काम म्हणजे कागद, आणि इथेच आपली पोरं फसतात. दहावी पास जवानाची पंधरा वर्षं सर्व्हिस झाली की ग्रॅज्युएशनच्या बरोबरीचं जे सर्टिफिकेट मिळतं ते सरकारी गट क च्या नोकऱ्यांसाठी असतं, एमएच्या ऍडमिशनला किंवा नेटला (सेटसारखीच, पण देशपातळीवरची परीक्षा) ते चालत नाही. मला हे कुणी सांगितलंच नव्हतं, मी तेच सर्टिफिकेट घेऊन एका ऑफिसात गेलो, तिथल्या बाईंनी शांतपणे परत दिलं आणि माझं एक वर्ष गेलं. म्हणून सर्व्हिसमध्ये असतानाच सुरुवात करा. बारावी राहिली असेल तर एनआयओएस या सरकारी मुक्त शाळेतून होते, पुढे बीए इग्नूमधून किंवा नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून, आणि एमए इतिहास इग्नू किंवा मुंबई विद्यापीठाच्या दूरशिक्षणातून. पोस्टिंग कुठेही असो, पुस्तकं येतात. मी बीएची शेवटची दोन वर्षं बंकरमध्ये हेडटॉर्च लावून वाचलीयेत. अशी मान्यता असलेली दूरशिक्षणाची डिग्री नेटसेटला चालते, त्याबद्दल मनात शंका ठेवू नका.

एमएला ५५ टक्के लागतातच, राखीव प्रवर्गाला ५०. आणि ५४.९ म्हणजे ५५ नाही, तिथे राउंड ऑफ होत नाही.

आता विषय कुठला घ्यायचा. डिफेन्स अँड स्ट्रॅटेजिक स्टडीज हा नेटमधला स्वतंत्र विषय आहे, पुणे विद्यापीठात त्याचा जुना नावाजलेला विभागही आहे, आणि फौजी माणसाला वाटतं हे तर आपलंच घर. पण माझं मत स्पष्ट आहे, ठाणे नवी मुंबईत राहून शिकवायचं असेल तर एमए इतिहास करा आणि त्याच्या आत सैन्याचा विषय घ्या. आर्ट्सच्या बहुतेक कॉलेजात इतिहास असतो, डिफेन्स स्टडीज फार थोड्या ठिकाणी, आणि नेट द्यायची ती एमएच्याच विषयात. दुसरं कारण माझ्या दृष्टीने त्याहून मोठं आहे, इतिहासवाला तुम्हाला जुना कागद वाचायला लावतो आणि तीच सवय आपल्यात नसते.

परीक्षेचं पटकन सांगतो. नेट वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरच्या सत्रात. पहिला पेपर ५० प्रश्न १०० गुण, दुसरा १०० प्रश्न २०० गुण, दोन्ही मिळून तीन तास, निगेटिव्ह मार्किंग नाही. असिस्टंट प्रोफेसरच्या पात्रतेला वयाची वरची अट नाही हे लक्षात ठेवा, चाळीशीत देताय म्हणून लाजायचं कारण नाही, जेआरएफला, म्हणजे संशोधनाच्या शिष्यवृत्तीला मात्र वयाची अट आहे. इतिहासाची नेट हिंदी किंवा इंग्रजीत असते. मराठीत विचार करणाऱ्याने आधी सेट द्यावी, ती पुणे विद्यापीठ घेतं आणि महाराष्ट्रात शिकवायला पुरते. पहिल्या पेपरला घाबरू नका, टेबल बघून आकडेमोड आणि तर्काचे प्रश्न असतात, ज्याने आयुष्यभर ड्यूटी रोस्टर आणि रेशनचे हिशेब केलेत त्याला ते येतं.

आता खरं सांगायचं ते इथून पुढे, कारण परीक्षा पास होऊनही माणूस इतिहासकार होत नाही.

आपल्याला वाटतं मी लढाई पाहिलीये म्हणजे मला लढाईचा इतिहास कळतो. नाही कळत. आपण पाहिला तो आपल्या खंदकासमोरचा दोनशे मीटरचा तुकडा, तोही रात्री, दमलेल्या डोळ्यांनी. मी कितीतरी वर्षं सगळ्यांना सांगत होतो की त्या एका रात्री बर्फ पडत होतं आणि आमची गस्त चार तास अडकली. पुढे पीएचडीच्या वेळी माझ्या सेक्शनमधल्या एका नायकाने घरी लिहिलेलं तेव्हाचं पत्र त्याच्या बायकोने मला दाखवलं, त्यात तीच रात्र होती, पण तारीख जूनची आणि पावसाची, बर्फाची नव्हे. मी खोटं बोलत नव्हतो. दोन वेगळ्या रात्री माझ्या डोक्यात एकमेकीला चिकटल्या होत्या. त्या दिवशी मी घरी येऊन माझ्या आठवणींची वही काढली आणि प्रत्येक वाक्यासमोर लिहिलं, हे मला कशावरून माहीत आहे? तुम्ही पण हेच करा, पहिला अभ्यास हाच. स्वतःची एक आठवण दोन पानं लिहा आणि मग तिला पुरावा शोधा, पत्र, फोटोच्या मागची तारीख, सोबतच्याची साक्ष, पलटणीचा छापील इतिहास. निम्मी वाक्यं टिकत नाहीत आणि तेव्हा फार वाईट वाटतं, पण त्या वाईट वाटण्यातून गेल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

याचा अर्थ आपली सर्व्हिस फुकट नाही. सिव्हिलियन अभ्यासकाला जे प्रश्न सुचत नाहीत ते आपल्याला सुचतात. ठाण्याचंच उदाहरण घ्या. आपलं सेंट्रल जेल आहे ना, तो मुळात पोर्तुगिजांनी बांधायला घेतलेला किल्ला. १७३७ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत तो मराठ्यांकडे आला, १७३९ च्या मे महिन्यात वसई पडली, आणि १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाणं घेतलं. एवढं तर पुस्तकात मिळतं. पण फौजी माणूस खाडीकाठी उभा राहिला की विचारतो, भरती किती वाजता होती, चिखलात माणूस गुडघ्यापर्यंत रुततो तर तोफ उतरवली कशी, दारू कोरडी कशी ठेवली, पाणी प्यायला कुठून आणलं. मी हे प्रश्न वर्गात विचारले तेव्हा रोज जेलच्या भिंतीजवळून कॉलेजला येणारी मुलं पहिल्यांदा मान वर करून बघायला लागली. फक्त उत्तर आपल्या अंदाजाने द्यायचं नाही, ते कागदात शोधायचं. आणि या एका किल्ल्याचे कागद तीन भाषांत आहेत, मराठी पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी लिपीत, पोर्तुगीज गोव्याच्या पुराभिलेखात, इंग्रजी मुंबईत.

म्हणून मोडी शिका. अक्षरओळख काही आठवड्यांत होते, पण घाईत लिहिलेलं पत्र वाचता यायला मला दीड वर्ष लागलं, रोज एक पान. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून याच कामात आहे. ठाण्यात आपल्याकडे १८९३ सालचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, त्याची मेंबरशिप आधी घ्या, विकत घ्यायला गेलं तर पेन्शन संपेल इतकी पुस्तकं लागतात.

मुंबईचं सरकारी पुराभिलेखागार काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. ठाण्याहून फास्ट लोकलने सीएसएमटी, वाशीबेलापूरवाल्यांना हार्बर, तिथून चालत. पहिल्यांदा जाल तेव्हा ओळखपत्र आणि गाइडचं किंवा कॉलेजचं पत्र न्या, पेन्सिल न्या, पेन चालत नाही. कुठल्या खात्याचा कुठला व्हॉल्यूम ते आधी कॅटलॉगमधून काढायचं, चिठ्ठी भरायची आणि वाट बघायची, त्यात अर्धा दिवस जातो, चिडू नका. ठाण्याच्या लढाईसाठी सीक्रेट अँड पोलिटिकल डिपार्टमेंटच्या डायऱ्या बघा. वहीत प्रत्येक नोंदीवर खातं, व्हॉल्यूम, पान नंबर, तारीख लिहायची, पहिल्या दिवसापासून. मी पहिले तीन महिने लिहिलं नाही आणि नंतर त्या पन्नासेक नोंदींसाठी परत सगळे व्हॉल्यूम उपसले. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं बरंचसं अभिलेख पटल नावाच्या पोर्टलवर घरबसल्या दिसतं. पहिल्या महायुद्धातल्या पलटणींच्या वॉर डायऱ्या लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत, आपल्या ११० व्या मराठा पलटणीसारखे जे लोक १९१५-१६ साली इराकमधल्या कूतच्या वेढ्यात अडकले त्यांच्यावर मराठीत अजून कितीतरी लिहायचं बाकी आहे.

१९४७ नंतरच्या लढायांचं थोडं अवघड आहे. संरक्षण मंत्रालयाने २०२१ मध्ये धोरण आणलं की २५ वर्षांहून जुने कागद तपासून राष्ट्रीय अभिलेखागारात द्यायचे, पण आपल्याला हवा तोच कागद तिथे मिळेल असं धरून पीएचडीचा विषय घेऊ नका. आधी कागद बघा, मग विषय ठरवा. आणि शासकीय गुपिते कायदा १९२३ रिटायर झाल्यावरही आपल्याला लागू असतो, स्वतःकडचा नकाशा, सिग्नल, फाइलची झेरॉक्स असलं काही थीसिसमध्ये घालायचं नाही.

दुसरी बाजू वाचायचीच. १९७१ च्या पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरच्या लढाईत आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण या म्हणून पत्र धाडलं आणि पाकिस्तानच्या ३१ बलुच पलटणीच्या कर्नल सुलतान अहमद यांनी उत्तरासोबत बंदुकीची गोळी पाठवली, हे आपल्याकडे अभिमानाने सांगतात कारण पुढे तिथे आपली १ मराठा, म्हणजे जंगी पलटण, लढली आणि जमालपूर पडलं. पण समोरच्या माणसाला त्या रात्री काय माहीत होतं, त्याला वरून काय हुकूम होता, हे कळल्याशिवाय आपल्या पलटणीने काय केलं याचं मोल नीट कळत नाही. हे वाचलं म्हणून आपली निष्ठा कमी होत नाही, मला उलट आपल्या माणसांबद्दलचा आदर वाढलेला जाणवला.

ज्यांनी ही वाट चालून दाखवली त्यांच्याकडे बघा. श्रीनाथ राघवन आपल्या पायदळात अधिकारी होते, सहाएक वर्षांनी बाहेर पडून लंडनच्या किंग्ज कॉलेजात शिकले आणि आज अशोका विद्यापीठात प्राध्यापक आहेत. त्याच किंग्ज कॉलेजात वॉर स्टडीज विभाग उभा करणारे मायकेल हॉवर्ड १९४३ मध्ये इटलीत सालेर्नोला लढले होते, मिलिटरी क्रॉस मिळालेला माणूस, पुढे ऑक्सफर्डला इतिहासाचे प्राध्यापक झाले. त्यांचं म्हणणं होतं सैन्याचा इतिहास रुंदीने, खोलीने आणि संदर्भासकट वाचा. मी ते असं घेतो, दोनशे वर्षांच्या लढाया ओझरत्या, एकच लढाई तळापर्यंत, आणि त्या लढाईमागचा शेतसारा, भाकरी, जात, कर्ज सगळं. हे सगळे अधिकारी होते हे मला ठाऊक आहे. जवानांमधून आलेले अभ्यासक फार कमी आहेत आणि म्हणूनच मला वाटतं आपण यायला हवं, लंगर (पलटणीचं स्वयंपाकघर) आणि पहाऱ्याचा इतिहास आपण नाही लिहिला तर कोण लिहिणार.

पीएचडीला प्रवेशपरीक्षा, कोर्सवर्क, कमिटीपुढे विषय मांडणं, सगळं धरून कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा. गाइड आधी शोधा. मला एका सरांनी सांगितलं की फौजी माणूस हुकूम ऐकतो, वाद घालत नाही, संशोधनाला ते चालत नाही. तेव्हा राग आला होता, पण त्यात तथ्य होतं. वयाने लहान गाइडला सर किंवा मॅडम म्हणायला आपल्याला त्रास होत नाही, त्यांच्यासमोर मला हे पटत नाही म्हणायला होतो, ते शिकावं लागतं.

पैशाचं घरी नीट बोलून घ्या. कायम जागा कमी निघतात, सुरुवात बहुतेकांची तासिका तत्त्वावर होते, मानधन तासावर आणि तेही उशिरा. पेन्शन आहे म्हणून आपण ती वर्षं काढू शकतो, पंचविशीतल्या पोराला ते परवडत नाही. ही सवलत आपल्याला सर्व्हिसने दिलीये. माझ्या बायकोने आधीच विचारलं होतं, किती वर्षं? मी पाच म्हणालो, सात लागली, तुम्ही सातच सांगा.

वर्गात पहिल्या दिवशी छाती काढून बहादुरीच्या गोष्टी सांगू नका, मुलं ऐकतात पण शिकत नाहीत. एक पत्र, एक नकाशा त्यांच्या हातात द्या आणि गप्प बसा.

आणि एक काम आजच सुरू करता येतं, त्याला डिग्री लागत नाही. १९७१ ला विशीत असलेले जवान आज पंचाहत्तरीच्या आसपास आहेत, आपल्या कळवा, दिवा, ऐरोली, कोपरखैरणेत कुठल्या ना कुठल्या बिल्डिंगमध्ये एखादे आजोबा असतातच. मोबाइलवर रेकॉर्ड करा, आधी परवानगी विचारून, शक्यतो लिहून घेऊन. शौर्याचं विचारू नका, त्यांच्याकडे पाठ झालेलं उत्तर असतं. विचारा, बूट कसे होते, त्या दिवशी काय खाल्लं, शेजारी कोण होतं, पत्र घरी किती दिवसांनी पोचायचं. मध्ये गप्प झाले तर आपण बोलायचं नाही. रेकॉर्डिंग बंद कर म्हणाले तर लगेच बंद करायचं आणि तरीही बसून राहायचं. माझ्या यादीत सोळा जण होते, आता नऊ उरलेत. सकाळी दहाच्या सुमाराला जा, दुपारी ते झोपतात.