मॅटाडोरचा गंजलेला पत्रा: माझा अनुभव

आमची जुनी बजाज टेम्पो मॅटाडोर व्हॅन मुंबईत वरळीला समुद्रासमोर उभी असायची. खाऱ्या हवेनं पत्रा खाल्ला, तोही आतून. दाराखालच्या पोकळ पट्टीतली पाणी निघायची भोकं चिखलानं बुजलेली. वरून रंग शाबूत दिसत होता, पण स्क्रू-ड्रायव्हर टेकवला तर टोक थेट आत गेलं.

डेंटर म्हणाला, "साहेब, लांबी (पुट्टी) भरून देतो, कळणारसुद्धा नाही." मी ठाम नाही म्हटलं. लांबी ओल शोषते, खाली गंज चालूच राहतो आणि पुढच्या पावसाळ्यात पापुद्रे सुटतात. ज्या गाडीवर घर चाललं, तिला असली मलमपट्टी नको.

निरोगी पत्रा लागेपर्यंत ग्राइंडरनं कापत गेलो. तयार पॅनल मिळेना, म्हणून कुर्ल्याहून २० गेजचा पत्रा आणून हातानं वळवला. जोडताना मिग वेल्डिंगचे (तार वितळवून जोडायच्या वेल्डिंगचे) सुटे टाके घेतले: एक या टोकाला, एक त्या टोकाला, मध्ये पत्रा गार होऊ देत. सलग वेल्डिंग केलं की उष्णतेनं पत्रा पापडासारखा वाकतो.

वरवरच्या गंजाला तारेचा ब्रश, मग उरलेला गंज काढायला फॉस्फोरिक ॲसिड. ते धुऊन, पूर्ण वाळवून त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर. मुंबईच्या दमट हवेत उघडा पत्रा रात्रभर ठेवला की सकाळी तांबूस झाक येतेच, म्हणून हे काम हिवाळ्यातच काढावं. दाराखालच्या पट्टीच्या पोकळीत, आतून पुन्हा गंज धरू नये म्हणून, मेणाचा फवारा मारायला विसरू नका. रंग मी साधा इनॅमलच दिला. डागडुजीला सोपा पडतो.