चयापचयाच्या आजारांसाठी सीएसएफ (मेंदू आणि मणक्याभोवतीचा द्रव) कसा घ्यावा आणि पाठवावा

औषधांना न जुमानणाऱ्या फिट्स, अंगाचा सैलपणा, डोळे वर फिरवण्याचे झटके... अशा बाळाची एलपी (कमरेतून सुईने सीएसएफ काढणं) करताना रिपोर्टचा खरेपणा बेडपाशीच ठरतो. नमुना तिथे बिघडला तर पुढचं महागडं मशीनही काही करू शकत नाही.

बाळ चार ते सहा तास उपाशी असावं. रक्तातली साखर एलपीच्या आधी घ्या, नंतर नाही. सुई टोचल्यावर बाळ रडतं, साखर चढते आणि सीएसएफ-रक्त साखरेचं गुणोत्तर खोटंच कमी दिसतं. सीएसएफमधली साखर ४० मिग्रॅ/डेलीच्या खाली, रक्ताशी गुणोत्तर ०.४५ पेक्षा कमी आणि लॅक्टेट वाढलेलं नाही, असं चित्र असेल तर ग्लुट-१ ची (मेंदूत साखर नेणाऱ्या प्रथिनाच्या जन्मजात कमतरतेची) शंका घ्या. मेनिंजायटिसमध्येही साखर उतरते, पण तिथे पेशी आणि लॅक्टेट वाढतात. साखर, लॅक्टेट आणि पेशी ठाण्यातल्या किंवा वाशीतल्या तुमच्याच लॅबमध्ये लगेच करा. साखर-लॅक्टेटला फ्लोराइडची ग्रे ट्यूब लागते. ही तपासणी स्वस्त आहे आणि ग्लुट-१ वर किटोजेनिक (जास्त चरबीच्या, कमी कर्बोदकांच्या) आहाराचा उपचारही आहे, म्हणून ती कधीही वगळू नये.

न्यूरोट्रान्समीटरसाठी (मेंदूतल्या संदेशवाहक रसायनांसाठी) ट्यूबचा क्रम मोडू नका. पहिले ०.५ मिली एचव्हीए (डोपामाइन मोडून बनणारं) आणि ५-एचआयएएसाठी (सेरोटोनिन मोडून बनणारं), पुढचे ०.५ मिली ५-एमटीएचएफसाठी (फोलेटचं मेंदूतलं रूप), नंतर १ मिली अँटिऑक्सिडंट घातलेल्या ट्यूबमध्ये टेरिनसाठी (ही रसायनं बनायला लागणारे सहघटक). अमिनो आम्लं, साखर वगैरे त्यानंतर. लॅबच्या किटवर वेगळा क्रम छापला असेल तर तोच पाळा, कारण त्यांची संदर्भमूल्यं त्याच क्रमावर काढलेली असतात. मेंदूजवळच्या द्रवात एचव्हीए जास्त असतं आणि तो द्रव शेवटच्या ट्यूबमध्ये येतो. त्यामुळे शेवटची ट्यूब पहिली म्हणून गेली, तर खरी कमतरता नॉर्मलमध्ये लपते.

ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) बेडपाशीच हवा. ट्यूब भरली की लगेच त्यात, उजेडापासून झाकून, आणि मग उणे ८० अंश सेल्सिअसला. द्रवात रक्त आलं तर न गोठवता आधी सेंट्रिफ्यूज करा, वरचा स्वच्छ द्रव नव्या ट्यूबमध्ये काढा, मग गोठवा. रक्तासकट गोठवलं की पेशी फुटतात आणि हिमोग्लोबिनमुळे हे नाजूक घटक ऑक्सिडाइज होतात.

ग्लायसिन या अमिनो आम्लासाठी रक्ताचा प्लाझ्माही त्याच वेळी घ्या. सीएसएफ-प्लाझ्मा गुणोत्तर ०.०८ च्या वर गेलं तर नॉनकिटोटिक हायपरग्लायसिनेमियाचा (ग्लायसिन न मोडता साठण्याच्या जन्मजात आजाराचा) विचार होतो. पण रक्तमिश्रित नमुन्यात आणि व्हॅल्प्रोएट हे फिट्सचं औषध चालू असतानाही ग्लायसिन वाढतं. म्हणून फॉर्मवर सगळी औषधं लिहा, विशेषतः व्हॅल्प्रोएट, लेव्होडोपा, फोलिनिक अ‍ॅसिड. वयही नेमकं लिहा, तान्ह्या बाळाचं दिवसांत किंवा महिन्यांत. एचव्हीएची नॉर्मल मूल्यं पहिल्या काही महिन्यांत भराभर उतरतात.

पाठवताना जाड थर्माकोलचा डबा घ्या आणि ड्राय आइस भरपूर भरा. घोडबंदर रोडला किंवा वाशीच्या पुलावर गाडी अडकली, कुरिअर दुसऱ्या दिवशी निघालं, तरी पुरायला हवा. झाकण हवाबंद करू नका. वायू साठून डबा फुटू शकतो. गाडीची काच थोडी उघडी ठेवायला सांगा. शुक्रवारी नमुना पाठवू नका, तो रविवारभर गोदामात पडून राहतो. उरलेला अर्धा मिली द्रव नाव, तारीख आणि ट्यूबचा क्रमांक घालून आपल्याकडेच उणे ८० ला ठेवा. पुढे आणखी एखादी तपासणी सुचली तर बाळाला पुन्हा सुई टोचावी लागणार नाही.