पोर्ट मोजण्याआधी नीडल बघा

उद्यमबागेतल्या शेडमध्ये मी बावीस वर्षं लेथ चालवतोय. घरी आल्यावर टेबलावर रिमोटवर पळणाऱ्या छोट्या गाडीचं साडेतीन सीसीचं नायट्रो इंजिन उघडं असतं. गल्लीतली पोरं गाडी घ्यायच्या आधी एकच विचारतात, "काका, तीन पोर्टचं घेऊ की सात पोर्टचं?"

पोर्ट म्हणजे स्लीव्हच्या, पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या नळीच्या, भिंतीतल्या खिडक्या. पिस्टनखालच्या क्रँककेसमधलं हवा-इंधनाचं मिश्रण त्यांतून सिलिंडरमध्ये चढतं. तीनवाल्यात बाजूंना दोन आणि एक्झॉस्टच्या समोर एक, त्याला बूस्ट म्हणतात. खिडक्या वाढल्या की वरच्या आरपीएमला इंजिन कोंडत नाही, पण खालच्या आरपीएमला मिश्रणाचा वेग पडतो आणि वळणातून उठताना गाडी मरगळते. राजहंसगडाच्या पायथ्याच्या माळावर बग्गी पळवायची तर तीन किंवा पाच भरपूर झाले. सात-नऊ डांबरी ट्रॅकच्या लांब सरळीला. काही कंपन्या एक्झॉस्टही धरून मोजतात, तेवढं विचारून घ्या.

संख्येहून मोठी गोष्ट म्हणजे पोर्ट कधी उघडतो. मी एकदा एक्झॉस्टची वरची कड कानशीनं अर्धा मिलिमीटर वर नेली. क्रँकवर अंशांची चकती लावून मोजलं, तर पोर्ट उघडा राहण्याचा काळ सात अंशांनी वाढला होता. सरळीला गाडी किंचाळली, खालची ताकद मात्र गेली. शिवाय कडेचा क्रोम उडाला, चांगली स्लीव्ह वाया गेली. कानस लावू नका, कळकळीनं सांगतोय.

आता नीडल, म्हणजे कार्ब्युरेटरवरचा इंधन कमी-जास्त करणारा स्क्रू. सुरुवात कंपनीच्या सेटिंगवरून. इंजिन तापवून घ्या, मगच हात लावा. आधी हाय-स्पीड नीडल: पूर्ण थ्रॉटलला मागे धुराची बारीक रेघ दिसलीच पाहिजे. एका वेळी घड्याळातल्या एका तासाएवढंच फिरवा. आत फिरवलं की लीन, म्हणजे इंधन कमी; बाहेर काढलं की रिच, म्हणजे इंधन जास्त. हेडचं तापमान शंभर ते एकशेवीस अंश सेल्सिअस ठेवा. लीन इंजिन जोरात पळतं, म्हणून माणूस फसतो. इंधन कमी म्हणजे त्यातलं तेलही कमी, आणि पिस्टन तिथंच घासला जातो.

मग लो-स्पीड. आयडलवर, म्हणजे थ्रॉटल सोडून इंजिन नुसतं चालू असताना, कार्ब्युरेटरजवळ इंधनाची नळी चिमटीत धरा. आवाज थोडा चढून दोन-तीन सेकंदांत इंजिन बंद पडलं तर बरोबर. लगेच पडलं तर लीन, बराच वेळ चाललं तर रिच.

बेळगाव साडेसातशे मीटरवर आहे, हवा विरळ. इथं जमवलेली गाडी चोर्ला घाट उतरून गोव्यात नेली की तिथल्या दाट हवेत ती लीन होते. तिथं पहिल्या टाकीआधी नीडल थोडी बाहेर काढा.

टाकी संपल्यावर इंजिन गरम असतानाच फ्लायव्हील फिरवून पिस्टन खाली आणा. पिस्टन वर राहून इंजिन थंड झालं तर वर निमुळती होणारी स्लीव्ह त्याला आवळून धरते.